भारतचं हार्वेस्टर आणि जयवंताबाईची लोकर

सुग्रीव यंत्राशी बोलतो, असं आमच्या टेंभुर्णीत लोक कौतुकानं सांगतात. साफ खोटं आहे. तो यंत्राला शिव्या देतो. नट गंजून बसला की नटाचा उद्धार, पट्टा सटकला की पट्ट्याचा. शेडसमोरून शाळेची मुलं येतात-जातात म्हणून मी त्याला दहा वेळा बजावलं असेल. दरवेळी "व्हय गुरुजी, ध्यानात हाय" म्हणतो आणि पुढच्या नटासाठी नवी शिवी काढतो. माणसांशी मात्र हा गडी इतका मवाळ, की कुणी त्याच्या पायावर पान्हा पाडला तरी "असू द्या" म्हणेल. सगळा राग लोखंडावर निघून जात असल्यामुळे माणसांसाठी काही शिल्लक राहत नसावा.

मी राजानंद, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. सुग्रीव, आणि ज्याच्यामुळे हे लिहायची वेळ आली तो भारत, दोघेही माझ्या हाताखालून चौथी पास झाले. एकाच बसकरपट्टीवर बसायचे. भारत कविता खणखणीत म्हणायचा आणि सुग्रीव शाळेच्या घंटेचा लोलक सुटला की तारेनं बांधून द्यायचा. पुढे या दोघांत जे घडलं त्याला एक हात माझाही लागलेला आहे. कुठे लागला ते त्या जागी सांगेन. लपवणार नाही, आणि सांगतोय म्हणून मला भला माणूस समजायचंही कारण नाही.

सुग्रीवचा बाप मल्हारी मेंढरं राखायचा. दीडशे मेंढरं, दोन तट्टं आणि एक अत्यंत खडूस कुत्रं. उन्हाळ्यात त्यांचा तळ भारतच्या वडिलांच्या, म्हणजे कडूबांच्या रानात पडायचा. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेरणीआधी रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. त्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं आणि शेतमालक धनगराला त्याबद्दल ज्वारी देतो. किती दिवस बसवायची, काय द्यायचं, यातलं एक अक्षरही कधी कागदावर चढत नसे. मल्हारी आणि कडूबा बांधावर बसायचे, एकमेकांच्या तळहातावर तंबाखू ठेवायचे, झाला करार. तीस वर्षांत कडूबांनी शब्द मोडला नाही आणि मल्हारीनं दुसऱ्याच्या रानात कळप नेला नाही. पुढे गायरानं संपली, मेंढरं विकली गेली, मल्हारी गेला, कडूबाही गेले. पण सुग्रीवच्या डोक्यात एक गोष्ट लहानपणी बसली ती बसलीच. कडूबांच्या घराशी बोललं म्हणजे लिहून झालं. मी मास्तर असूनही त्याची ही समजूत कधी दुरुस्त केली नाही. खरं तर मलाही ते तसंच वाटायचं.

जाफराबाद रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे. पावसाळ्यात ते बाहेरच्यापेक्षा आत जास्त गळतं. तिथे तो नांगराचे फाळ, पेरणीयंत्रं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. आमच्याकडच्या मिस्त्री लोकांची एक रीत आहे. ट्रॉली पूर्ण झाली की मागच्या फाळक्यावर, म्हणजे उघडायच्या झडपेवर, वेल्डिंगच्या रेघेनं आपलं नाव काढायचं. रंग उडतो, ते नाव उडत नाही. ट्रॉली कुणाचीही असो, करणाऱ्याचं नाव तिच्यावर असतंच, आणि मालकही त्याला हरकत घेत नाही. एकदा परतूरच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगेत मला 'सुग्रीव मल्हारी, टेंभुर्णी' दिसलं. येऊन त्याला सांगितलं तर म्हणाला, "खरं? फाळका वाकडा तं झाला न्हवता ना?" दोन दिवस खुशीत होता. अंजूनं, त्याच्या बायकोनं, मला मुद्दाम सांगितलं की दोन दिवस त्यानं एकाही नटाला शिवी दिली नाही.

चार वर्षांपूर्वी भारतनं पंजाबातून एक जुनं हार्वेस्टर आणलं. गव्हाला ते उत्तम चाललं. पण आमच्याकडे खरं काम सोयाबीनचं, आणि तिथे त्याची बोबडी वळली.

हार्वेस्टरच्या तोंडाशी मळसूत्रासारखा एक जाड आडवा दांडा फिरतो, त्याला ऑगर म्हणतात. कापलेलं पीक तो दोन्ही बाजूंनी मध्ये आणतो. मधोमध त्याला लोखंडी बोटं असतात. ती बाहेर येतात, पीक आत ढकलतात आणि परत दांड्यात ओढली जातात. तिथून पीक चेनवरून वर ड्रममध्ये जातं आणि मळून निघतं. गव्हाच्या लांब काड्या बिनतक्रार जातात. सोयाबीन बुटकं आणि वाळून कडक झालेलं. ते मध्येच अडतं, दांड्याभोवती फिरत राहतं आणि मग एकदम गोळा होऊन आत पडतं. गोळा पडला की ड्रम गुदमरतो. गुदमरू नये म्हणून ड्रम जोरात फिरवला, की दाण्याची डाळ होते.

डाळ झालेलं सोयाबीन तेलाला चालतं, बियाण्याला चालत नाही. सालीला बारीक चीर गेली तरी दाणा उगवत नाही. टेंभुर्णीच्या शिवारात माझ्यासारखे पुष्कळ जण बियाणे कंपन्यांसाठी सोयाबीनचे प्लॉट घेतात. त्यांनी भारतला बांधाबाहेरूनच हात जोडले. माणसं लावून कापू, मळू, पण तुझं मशीन नको. भारतचं हार्वेस्टर ऐन हंगामात गोदामात उभं राहिलं, तेव्हा तो सुग्रीवकडे आला.

"सुग्र्या, हे तुलाच जमंल. दुसऱ्या कोनाचं काम न्हाई."

"कामून जमंल? मी कवा हार्वेस्टर खोललंय?"

"आपल्या दोघांचं हाय समज."

हे 'आपल्या दोघांचं' मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मी तिथेच डब्यावर बसून चहा पीत होतो.

सुग्रीव दोन हंगाम त्या मशीनला चिकटला. मजुरीचं त्याचं काही म्हणणं नव्हतं. जी ठरली ती बराबर मिळाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी भलता अर्थ काढायला नको. त्याची कामाची पद्धत मात्र अजब होती. त्यानं कासाराच्या दुकानातून लाल, पिवळ्या, हिरव्या रिबिनी आणल्या आणि उभ्या सोयाबीनच्या ताटांना ओळीनं बांधल्या. लोक हसले. म्हणाले, मिस्त्री पिकाचं लग्न लावून राह्यला. मग हार्वेस्टर दहा पावलं चालवायचं, बंद करायचं, झाकण खोलून पोटावर पडायचं आणि कोणती रिबीन कुठे पोहोचली ते बघायचं. पहिल्या दिवशी सगळ्या रिबिनी दांड्याच्या मधोमध एकाच गुंत्यात निघाल्या. त्या दिवशीच्या शिव्या शाळेत पाचवीच्या वर्गापर्यंत ऐकू आल्या.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी शेडवर गेलो, तर तो शांत बसला होता. हातात रिबिनींचा तो गुंता.

"गुरुजी, सापडलं," तो म्हणाला. "मपली आय लोकर कातायची ना, तवा मी जवळ बसायचो. हातातला पेळू तिनं कवाच वढला न्हाई. म्हनायची, लोकर वढायची न्हाई, सोडायची. हातातून एकसारखी सोडली की चातीला जोर पडत न्हाई अन् सूत तुटत न्हाई. हे मशीन पीक वढून राह्यलंय. त्याला सोडायला शिकवाया पायजे."

पेळू म्हणजे पिंजलेल्या लोकरीची गुंडाळी, आणि चाती म्हणजे लोकर कातायची हातातली फिरकी. त्याची आई जयवंताबाई मलाही आठवते. मेंढरांमागे चालताना तिच्या हातात चाती असायची, बोलताना असायची, भांडतानाही असायची. चाती फिरायची थांबत नसे. मी सुग्रीवला म्हणालो, "हे लिहून ठेवण्यासारखं बोललास." तो लाजला. मीही ते मनात नीट घडी घालून ठेवलं. मास्तर माणसाला चांगलं वाक्य सापडलं की ते कुठेतरी वापरायला मिळेपर्यंत चैन पडत नाही.

मग कामाला दिशा मिळाली. भंगारातून जुना रबरी पट्टा आणून त्यानं त्याच्या फिती कापल्या आणि दांड्याच्या मधल्या भागावर बसवल्या, म्हणजे बुटकी ताटं तिथे रेंगाळणार नाहीत. बोटं ज्याला जोडलेली असतात तो दांड्याच्या आतला कणा थोडा फिरवून बसवला; त्यासाठी नवी खाच पाडली. आता बोटं जरा आधी बाहेर यायची आणि पीक सोडून वेळेत आत जायची. पीक एकसारखं जायला लागल्यावर ड्रमला घाई करायचं कारण उरलं नाही. मोठी पुली लावून त्यानं ड्रम सावकाश केला. प्रत्येक पत्र्याचे, प्रत्येक फितीचे पुठ्ठ्याचे फर्मे कापले, म्हणजे पुढे झिजलं तर तसंच दुसरं करता येईल. त्याचं शेड गळतं म्हणून ते फर्मे भारतच्या गोदामात खिळ्याला टांगून ठेवले. कणा नेमका किती फिरवायचा, हे मात्र कोणत्याच फर्म्यात नव्हतं. इंजिन बंद ठेवून, हातानं दांडा फिरवत, सोयाबीनचं एक-एक ताट आत देत तो ते हाताच्या अंदाजानं जुळवायचा. अर्धं बोट इकडेतिकडे झालं की पुन्हा गोळा.

दुसऱ्या हंगामात माझ्याच प्लॉटच्या कडेच्या दोन तासांवर, म्हणजे ओळींवर, त्यानं मशीन चालवून दाखवलं. मी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. पाचव्या दिवशी उघडलं तर एकोणनव्वद मोडावलेले. याआधी त्याच मशीनच्या दाण्यांत साठीच्या पुढे मजल गेली नव्हती. भारतनं सुग्रीवला उचलून घेतलं. खरोखर उचललं, खांद्यावर.

त्याच वेळी सुग्रीवनं एकच मागितलं. "भारत, ह्याच्यावर नाव टाकू का मपलं? ट्रॉलीवर टाकतो तसं."

"अरं, ते इचारायचं हाय का? पण आता नगं. मशीनला रंग द्यायचाय. पुढल्या खंडेनवमीला रंग दिऊन पुजा करू, तवा सगळ्या गावासमोर तुपलं नाव ठोकू. मपला शबूद."

कडूबांच्या घरचा शब्द. सुग्रीवला आणखी काय हवं होतं? त्यानं वर्षभर कुणाला त्या शब्दाबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. फक्त अंजूला सांगितलं आणि अंजूनं माहेरी.

आता माझा हात.

पोळ्याच्या आसपास भारत माझ्या घरी आला. जालन्यात एक कृषी प्रदर्शन भरणार होतं आणि शेतकऱ्यांनी केलेल्या सुधारणांना तिथे बक्षीस होतं. हातात अर्ज. "गुरुजी, तुमच्यासारखं लिव्हणारा तालुक्यात न्हाई. एवढं भरून द्या."

मी विचारलं, "आणि सुग्रीवचं नाव?"

"अर्जावर एकच नाव बसतंय. मशीन मपल्या नावावर हाय म्हनून मपलं. त्याला सांगितलंय मी, त्याची काय बी हरकत न्हाई. मशीनवर त्याचंच नाव ठोकणार हावोत ना." मग उठता उठता म्हणाला, "अन् आवंदा पैला प्लॉट तुमचा काढायचा, बरं का."

सुग्रीवचं शेड माझ्या शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. दोनशे पावलं चालून मी त्याला विचारायला गेलो नाही. माणसांनी कापणी करायची तर प्लॉट पंधरा दिवस शेतात उभा राहतो, शेंगा फुटतात, हे माझ्या डोक्यात होतं. आणि दुसरं सांगायची लाज वाटते: तालुक्यात असं लिहिणारा नाही, हे मला गोड लागलं होतं.

अर्जात एक रकाना होता, 'कल्पना कशी सुचली?' भारतला कशीच सुचली नव्हती. मी पेन चावत बसलो आणि घडी घालून ठेवलेलं ते वाक्य बाहेर आलं. मी लिहिलं: 'माझी आजी लोकर कातत असे. ती म्हणे, लोकर ओढायची नसते, सोडायची असते.' एवढं सुंदर वाक्य वाया जाऊ द्यायला जीव होईना. कडूबांच्या घरात कुणी आयुष्यात चाती हातात धरलेली नाही, हे मला माहीत नव्हतं काय? पण कागद गोड दिसत होता. भारतनं वाचून मान डोलावली. "लई भारी, गुरुजी. डोळ्यात पानी आलं." आजीच्या आठवणीनं, तिनं कधी न केलेल्या कामाच्या!

बक्षीस मिळालं. सुग्रीवला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, मशीनचं नाव झालं." मशीनचं नाव म्हणजे आपलं नाव, असाच त्याचा हिशेब होता. पुढे जालन्याच्या एका कारखानदाराची माणसं भारतच्या गोदामात दोनदा येऊन गेली, खिळ्यावरचे फर्मे काढून मापं घेऊन गेली, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. भारतनं मारुतीच्या पारासमोर मांडव घातला होता. हार्वेस्टर लाल-पिवळ्या रंगात न्हालेलं, गळ्यात झेंडूच्या माळा. मला स्टेजवर खुर्ची होती. मी मशीनकडे नीट पाहिलं. बाजूच्या पत्र्यावर भारतचा हसरा फोटो आणि खाली हातभर अक्षरांत 'भारत पॅटर्न'. सुग्रीवच्या काळ्या रबरी फिती काढून त्या जागी कारखान्यातून आलेल्या चकचकीत फिती लावलेल्या. पुढे तसल्याच सामानाची खोकी रचून ठेवलेली, विक्रीला. नारळ फोडायचा मान जालन्याच्या त्या कारखानदाराला दिलेला.

सुग्रीव आला तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. सोबत अंजू, नव्या साडीत. त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला माहीत होतं ते काय आहे. आठ दिवस बसून त्यानं स्टीलच्या पट्टीवर ठिपका ठिपका ठोकून नाव काढलं होतं. खिशात रिव्हेटही आणले असणार. तो गर्दीतून मशीनजवळ गेला, पत्र्यावरचा फोटो पाहिला, आणि त्या पट्टीला जागा शोधत असल्यासारखा मशीनला एक वेढा घालून परत त्याच ठिकाणी येऊन उभा राहिला.

तेवढ्यात माइक माझ्या हातात आला. भारत म्हणाला, "गुरुजी, ते अर्जातलं वाचून दाखवा. आपल्या गावाला बी कळू द्या."

मी वाचलं. तिथेच थांबता आलं असतं, घसा बसलाय म्हणता आलं असतं, कागद फाडता आला असता. मी वाचलं, योग्य त्या ठिकाणी थांबत, आवाज वरखाली करत. 'माझी आजी लोकर कातत असे' इथे आलो तेव्हा सुग्रीवनं मान वर केली. ते बोलणं त्यानं फक्त माझ्याजवळ केलं होतं. मी पुढचं वाक्यही वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुग्रीव भारतच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात चढ नव्हता, पण माइक माझ्या हातात चालूच होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"तुपल्या आजीनं कवा लोकर कातली रं, भारत?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. भारत गोरामोरा झाला. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ते गुरुजींनी लिव्हलंय. त्यांला इचार."

खोटं बोलला म्हणता येत नाही. सुग्रीवनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी घालत होतो. एवढीशी घडी घालायला मला किती वेळ लागला, देव जाणे. भारतची आई सगुणाबाई पूजेचं ताट घेऊन उभी होती. कडूबांची बायको, मल्हारीच्या तळावर भाकरी पोचवणारी. तिनं ताट खाली ठेवलं आणि घराकडे निघून गेली.

"ये ना सुग्र्या, फोटोत ये," भारत सावरून म्हणाला. "मिस्त्री बी पायजे फोटोत. तिथं टायरपाशी उभा राह्य."

सुग्रीव अंजूला म्हणाला, "चल." दोघं गेले.

दसरा झाला आणि ठरल्याप्रमाणे पहिला प्लॉट माझा. पाच एकर सोयाबीन उभं, शेंगा खुळखुळायला लागलेल्या. हार्वेस्टर आत शिरलं आणि तिसऱ्या तासालाच घरघरून थांबलं. दांड्याभोवती हा एवढा गोळा. ड्रायव्हरनं ड्रमची गती वाढवली. मग चाललं, पण टाकीतला पसाभर दाणा हातात घेतला तर अर्धी डाळ. मी आरडाओरडा करून मशीन बंद करवलं. कारखान्याच्या माणसांनी फर्म्यावरून सगळं हुबेहूब केलं होतं. फिती लावताना कणा मात्र मशीनच्या मूळ जागेवर सरकवून ठेवला होता. तो कुठे असावा हे त्यांना कोण सांगणार? भारत फोनवर म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच जा त्याच्याकडं. मपलं त्यो ऐकणार न्हाई. तुमचा शबूद मोडणार न्हाई."

म्हणून मी गेलो. आता मात्र चालत. ऊन वाढत होतं आणि उन्हासोबत शेंगा तडकत होत्या. शेडवर सुग्रीव एका नांगराला फाळ बसवत होता. मला पाहून उठला, हात पुसले, डबा पुढे सरकवला. अंजू आतून डोकावली. मी बसलोच नाही.

"सुग्रीव, पाच एकर उभं आहे रे. मशीन गोळा घेतंय. सगळी डाळ व्हायला लागली. तेवढं जुळवून दे."

त्यानं फाळ बाजूला ठेवला. मग म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच रे बाबा. जल्दी कर."

त्यानं पान्ह्यांची पिशवी उचलली आणि आला. शेतात त्यानं झाकण खोललं आणि पोटावर पडला. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या दिवशी त्यानं नटालाही शिवी दिली नाही. मला ते फार लागलं. तासाभरात कणा जुळला. एक-एक ताट हातानं देऊन त्यानं खात्री केली आणि ड्रायव्हरला खूण केली. मशीन चाललं. पीक असं एकसारखं आत जायला लागलं की बघत राहावं. टाकीत दाणा पडत होता, अख्खा, पिवळाधमक. दुपार कलायच्या आत पाच एकर मोकळं झालं आणि पोती बांधावर रचली.

तोवर भारत मोटारसायकलवर येऊन पोचला. पोत्यात हात घालून त्यानं दाणे पाहिले आणि तोंडभर हसला. "वा रं पठ्ठे! चल, आता वरच्या आळीतले प्लॉट. लोकं थांबलेत."

सुग्रीव परत झाकण खोलून खाली शिरला. पान्हा फिरल्याचा आवाज आला, मग हातोड्याचे दोन ठोके.

"अरं, काय करून राह्यला?"

"तुपली मशीन व्हती तशी करून दिऊन राह्यलो." तो बाहेर आला. "पत्रा तुपला, पट्टे तुपले. फर्मे बी ठिव. जुळवणी मपली हाय, ती घिऊन चाल्लो."

"सुग्रीव! लोकांला तारखा दिल्यात मी. जालन्याहून खोकी मागवलीत. असं गावासमोर तोंडावर पाडतो व्हय मला?"

"गुरुजींनी लिव्हलंय की सगळं. त्यातलं वाचून बसव."

भारत काहीबाही बोलत राहिला. आधी लाडीगोडी, मग लहानपणची आठवण, मग धमकी. शेवटी मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला. ड्रायव्हरही त्याच्या मागे गेला. बांधावर मी, सुग्रीव आणि माझी पोती उरलो. त्यानं माती घेऊन हाताचं ग्रीस चोळून काढलं.

"उपकार झाले, सुग्रीव," मी म्हणालो. तोंडाला येईल ते बोललो झालं.

"उपकार नगं, गुरुजी." तो हात चोळतच होता. "सकाळी तुम्ही शेडाकडं येताना दिसले. मी अंजूला म्हन्लो, गुरुजी येऊन राह्यले. आज बोलतील. ती म्हन्ली, न्हाई बोलायचे. मी म्हन्लो, बोलतील, गुरुजी हायेत ते. अन् तुम्ही सोयाबीनचं बोलले."

मी एका पोत्याचं तोंड उगाच पुन्हा आवळलं.

"आता बी बोला ना. मी हाय की हितं."

तो खरोखर थांबला. हात थांबवून, माझ्याकडे तोंड करून, शाळेत उत्तर तपासून घ्यायला उभा राहायचा तसा. मी त्याच्या आईचं बोलणं चोरलं आणि दुसऱ्याच्या आजीच्या तोंडी घातलं. एक शब्द पुरला असता. तो शब्द मी वर्गातल्या सात वर्षांच्या पोरांकडून रोज म्हणवून घेतो. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "आभाळ येईलसं दिसतंय. पोती झाकायला ताडपत्री बघतो."

सुग्रीवनं मान वर करून पाहिलं. वर ढगाचा ठिपकाही नव्हता. त्यानं पान्हे पिशवीत भरले, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या रिकाम्या रानातून सरळ रस्त्याकडे निघून गेला.